निळ्या चौकडीची पिशवी

बुधवार, तारीख ९

भिंगरे,

आधी खाली बस आणि मग वाच. उभ्या उभ्या वाचलंस की तू अर्धं वाचतेस आणि उरलेलं मनानं भरतेस, ही तुझी लहानपणापासूनची खोड. हे तुझ्या आजीचं पत्र. अक्षर तेच आहे, कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. चार इयत्ता शिकलेल्या बाईकडून याहून जास्त कशाला मागायचं.

फोन का नाही केला, म्हणशील. अगं, फोनला माझे कान जुळत नाहीत. पलीकडचं माणूस विहिरीत बसून बोलतंय असं वाटतं. म्हणून पत्र. डुलक्याकडे देते आहे. दहाच्या बसचा ड्रायव्हर. तळ्याला वळसा घालून दुपारी तुमच्या काठाला लागतो, संध्याकाळी परत येतो. नाव डुलक्या असलं तरी गाडी चालवताना जागा असतो, मी चार जणांकडे चौकशी केली आहे.

तर आज सकाळी टीव्ही लागला आणि समोर तू. तू त्या चॅनलच्या नोकरीला गेल्यापासून तुझ्या बापानं ते घरात लावायचं नाही अशी ताकीद दिली होती ना, त्यानंच लावलं आणि मग मला सांगतो, चुकून लागलं. चुकून लागलं आणि चुकून अर्धा तास उभा राहून बघितलं. वजनकाट्यावर कामाला उशिरा गेला. मी उठून टीव्हीच्या काचेला हात लावून आले. वाळली आहेस. ते खाकी जाकीट तुला मोठं होतं, बाह्या दुमडल्यास त्या मला दिसल्या. पण दोन वर्षांनी तू अशी नुसत्या पाण्यापलीकडे आलीस, गच्चीवर गेलं की तुमच्या काठावरचे दिवे दिसतात, आणि त्यातला एक तुझ्या डोक्यावरचा असणार, या विचारानं मी दिवसभर घरात नुसती फिरते आहे. एक काम धड होत नाही. दूध दोनदा उतू गेलं.

आणि मग लाज वाटते. कारण तू आलीस ती लाँच उलटली म्हणून आलीस. आणि लाँचमध्ये आपल्या खालची शिवणमावशी आहे ना, तिची मुलगी होती.

तुला माहीत नसेल. ती आता नर्स आहे, तुमच्या काठावरच्या रुग्णालयात. तुझ्यामागे सायकल धरून पळायची ती बारकी. काल सकाळच्या लाँचनं कामावर निघाली होती. अजून सापडलेली नाही. तुझा बाप मावशीला घेऊन कालच रस्त्यानं पलीकडे जाऊन आला, तू पोचायच्या आधी. तिथे पोलिसांनी नाव लिहून घेतलं, घरी जा, कळवू, म्हणाले. आणि दारातून बाहेर पडते तो पाचसहा माईक तिच्या तोंडाशी. तुझ्या बापानं तिला हाताला धरून ओढून काढलं.

आता तेच सगळे इथे आलेत. मावशीच्या दाराशी खुर्च्या टाकून बसलेत. जिन्यावर वायरी आहेत, पाय टाकायला जागा नाही. मी भाजी आणायला उतरले तर एक जण म्हणाला, आजी, तुम्ही शेजारी ना, जरा पुन्हा वर जाऊन उतरता का, चेहरा दिसला नाही. मी गेले वर आणि पुन्हा उतरले. तो म्हणाला, हे छान झालं. सत्तर वर्षं जिने उतरते आहे, पहिल्यांदाच कुणी शाबासकी दिली. नंतर घरी येऊन वाटलं, मी कशाला उतरले.

शिवणमावशी कुठे गेल्या, असं सगळे मला विचारतात. मी म्हणते, मला काय ठाऊक, असेल नातलगांकडे.

तू जमलं तर घरी ये. बाप काही बोलणार नाही. बोललाच तर मी आहे.

तुझी आजी


गुरुवार, तारीख १०

भिंगरे,

कालच्या पत्रात एक लपवलं होतं. आज लपवून उपयोग नाही.

शिवणमावशी माझ्याकडे आहे. परवापासून. मागच्या लोखंडी जिन्यानं वर आणली. खाली हे सगळे तिच्या बंद दाराकडे डोळे लावून बसलेत, आणि ती त्यांच्या बरोबर डोक्यावर, माझ्या स्वयंपाकघरात. चालायचं तेही पाय न वाजवता.

तुला का नाही लिहिलं ते सांगते. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुला कळलं असतं तर तुला ते वापरावं लागलं असतं, आणि नसतं वापरलंस तर तुझं नुकसान झालं असतं. दोन्हीतलं काहीच नको म्हणून गप्प राहिले. मला वाटलं, मी शहाणपणा करते आहे.

काल संध्याकाळी मावशी वाटाणे सोलत बसली होती. हाताला काहीतरी लागतं तिला. सहा वाजले. मला तुला बघायचं होतं. सकाळनंतर दिवसभर मन मारलं होतं, टीव्ही लावला नव्हता तिच्यासाठी. मी तिला विचारलं, भिंगरी येईल आता, थोडा वेळ लावू का. ती म्हणाली, लावा की, बघा तुमची नात. तिनं स्वतः सांगितलं हो, पण ती दुसरं काय सांगणार होती, माझ्या घरात बसून.

आवाज माझ्या कानाच्या मापानं, म्हणजे अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल एवढा.

तू आलीस. मागे पाणी. मी बघत होते तुझी हनुवटी, तुझ्या आजोबांची आहे ती. मग तू हात वर केलास आणि हातात पिशवी. ओली, एक बंद तुटलेला. तू म्हणालीस, ही कुणाची ते अजून कळलेलं नाही, कुठल्यातरी घरात हिची वाट बघत असतील. चांगलं बोललीस. अडखळली नाहीस.

आणि मी, भिंगरे, मी काय बोलावं. निळी चौकडी बघितली आणि मला आनंद झाला. ओळखीचं काही दिसलं की होतो ना तसा. मी मोठ्यांदा म्हणाले, अगंबाई, हे तर आपल्या पडद्याचं कापड.

बोलून झालं आणि मग मला कळलं.

गेल्या थंडीत मावशीनं मला खिडकीचा पडदा शिवून दिला होता. कापड उरलं त्याची तिनं मुलीला डबा न्यायला पिशवी केली.

मी मागे बघायला घाबरले. तुला खोटं सांगत नाही, टीव्हीकडेच बघत राहिले. तीच उठली. मांडीवरचं ताट नीट खाली ठेवलं, एकही दाणा सांडला नाही. खिडकीशी गेली, पडद्याची कड हातात धरली आणि तिथून टीव्हीकडे बघितलं. परत कडेकडे. दुकानात रंग जुळवून बघतात तसं. मग म्हणाली, 'हो. तीच.'

रडली नाही. अजून नाही. पण रात्रीपासून तिनं पाणीही धड घेतलेलं नाही.

आता माझं काम ऐक. तुमचं चॅनल ती पिशवी परत परत दाखवतंय. मी टीव्ही बंद केला, पण समोरच्यांकडे चालू असतो, खालच्या त्या खुर्चीवाल्यांच्या फोनवर चालू असतो. दर वेळी तुझा आवाज येतो, कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी घरात. मावशी मला म्हणाली, तुमची नात आहे ना ती, तिला सांगा बंद करायला. तेवढं कर.

आणि एक विचारते. तू ओळखलं नाहीस ना? मी रात्रभर हिशेब मांडला. पडदा गेल्या थंडीतला, तू त्याच्या किती आधी गेलीस. तू तो बघितलाच नाहीस. तुला कसं कळणार. कुठल्याही दुकानात मिळतं तसलं कापड. म्हणजे तुझ्याकडे दोष येतच नाही. हे मी तुझ्या बापालाही समजावलं. तो म्हणाला, मी कुठे काय म्हटलं. पण त्यानं भात तसाच टाकला.

उत्तर डुलक्याकडे दे. तो थांबेल.

तुझी आजी


शनिवार, तारीख १२

भिंगरे,

तुझं पत्र काल मिळालं. डुलक्या गाडी लावून थेट वर आला, हातात दिल्याशिवाय हलला नाही. खालच्यांनी त्याला विचारलं, तुम्ही कोण, तर म्हणाला, मी यांचा जावई. मला मुलगीच नाही हे त्यांना काय ठाऊक.

चार वेळा वाचलं. मी तुझ्यासाठी एवढी पळवाट काढून ठेवली होती आणि तू ती घेतली नाहीस. तू लिहिलंस, 'आजी, पडदा मी पाहिला नव्हता हे खरं. पण ती पिशवी कुणाची तरी आहे हे मला माहीत होतं. मासेमारांनी ती पोलिसांकडे द्यायला आणली होती, आमच्या चॅनलच्या साहेबांनी इअरफोनवर कानात सांगितलं, आधी हातात घे, जवळ धर. ओळखणारं कुणीतरी बघत असेल म्हणूनच धरायची असते. ते कुणीतरी आपल्या घरात असेल एवढंच मला माहीत नव्हतं.'

मी हे तुझ्या बापाला वाचून दाखवलं. मग त्यानं ते स्वतः मागून घेतलं आणि गॅलरीत जाऊन परत वाचलं.

पुढचं मात्र त्याला दाखवलं नाही. तुझे साहेब रोज विचारतात म्हणे, पिशवीची आई सापडली का. पिशवीची आई. अगं, तिला मुलगी आहे. मुलीची आई आहे ती. मावशी माझ्याकडे आहे हे तू त्यांना सांगितलं नाहीस, ते बरं केलंस. पण तू लिहितेस की दाखवायला दुसरं काही मिळालं की ते पिशवी दाखवणं थांबवतील, त्याशिवाय नाही. म्हणून मावशी तुझ्याशी बोलेल का. अर्धाच तास. तूच येशील, परकं कुणी नाही, कॅमेरावाला एकटा. आणि मी तिला विचारून बघू का.

भिंगरे, आता तुझ्या आजीची किती ओढाताण झाली ते ऐक. मला पहिल्यांदा दिसलं ते एवढंच, की तू येशील. ती हो म्हणाली तर तू उद्या या घरात असशील. मी मनात तुझी गादीसुद्धा घातली. मावशी बोलली तर पिशवी थांबेल, तुझे साहेब खूश होतील, तू घरी येशील, सगळ्यांचंच भलं, असं मी स्वतःला पटवत होते. तीनदा उठले तिला विचारायला. एकदा तिला विचारलं, चहा घेतेस का. एकदा विचारलं, पाय दुखतात का. तिसऱ्यांदा नुसतीच उभी राहिले.

तिनंच शेवटी विचारलं, काय म्हणते भिंगरी.

तिच्यापुढे काय लपवणार. सांगितलं सगळं. साहेब, कॅमेरावाला, अर्धा तास. पिशवीची आई तेवढं गाळलं.

ती बराच वेळ बोटावरचं अंगुस्तान फिरवत राहिली. हातात शिवण नाही तरी ते काढत नाही. मग म्हणाली, 'मला विचारायचंय तर येऊन विचारू दे. पत्रातून नको. माझ्यासमोर बसून तिनं विचारलं, तर मी हो म्हणेन.'

मी म्हटलं, नाही म्हणालीस तरी चालेल गं, ती माझी नात असली तरी. तर म्हणाली, तुमची नात आहे म्हणूनच हो. तिचे पहिले कपडे मी शिवलेत.

रागानं म्हणाली की मायेनं, मला कळलं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघून ठरवायचा प्रयत्न करते आहे, कालपासून.

तर हे असं आहे. ती हो म्हणेल. आता ये, नको येऊस, कॅमेरा आण, नको आणूस, मी काहीच सांगत नाही. मला सांगताच येत नाही. मागचा जिना तुला ठाऊक आहे. तिसरी पायरी सैल झाली आहे, जपून.

तुझी आजी


सोमवार, तारीख १४

भिंगरे,

तू काल येऊन गेलीस, मग हे पत्र कशाला, म्हणशील. पण काल मला तुझ्याशी बोलता कुठे आलं. तू माझ्याकडे आली नव्हतीसच. आणि तू गेल्यावरचं तुला सांगायचं राहिलंय.

मी उजाडल्यापासून मागच्या खिडकीत होते. गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली ती मी बघितली. आत तो कॅमेरावाला, मांडीवर ते यंत्र घेऊन. तू एकटी उतरलीस, त्याला हातानं थांब म्हणालीस. थांब म्हणजे बोलावते तोवर थांब, की जा, हे वरून कसं कळावं.

जिन्यात तुझा बाप भेटला तुला, मला माहीत आहे. मी कान लावून होते पण माझे कान हे असे. नंतर मी त्याला विचारलं, काय बोललास. तो म्हणाला, जेवलीस का विचारलं. मी म्हटलं, बस? तर म्हणतो, ती हो म्हणाली. दोन वर्षांनी बापलेकीनं एवढं बोलावं. पण काल तो कामावर गेलाच नाही, आणि आज सकाळी शीळ घालत होता, मग मावशी आहे हे आठवून थांबला.

तू आत आलीस आणि मावशीसमोर जमिनीवर बसलीस. मी चहा टाकायला गेले म्हणजे काय, दाराआडच उभी होते. मला वाटलं, आता विचारेल. आता विचारेल. चहा उकळून उकळून काळा झाला.

पण विचारत होती मावशीच. तू तिथे होतीस, मला सांग, म्हणाली. पिशवी कुठे सापडली. कुणाला सापडली. त्यानं ती कशी उचलली. डबा आत होता का, रिकामा होता का भरलेला. पाणी तिथे किती खोल आहे. लाँचमध्ये ती कुठल्या बाजूला बसली असेल. आणि तू एकेक सांगत गेलीस, जेवढं माहीत होतं तेवढं. जे टीव्हीवर कुणी सांगितलं नव्हतं, तेही. वाचलेल्या एका माणसानं नर्सच्या कपड्यातली मुलगी पाहिली होती, ती एका म्हातारीला कठड्याशी धरून उभी होती, हे सांगताना तुझा आवाज इतका बारीक झाला की मला दार थोडं उघडावं लागलं. मावशीनं ते तुझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग विचारलं, 'सापडेल का गं ती?'

आणि तू म्हणालीस, 'मला माहीत नाही, मावशी.'

टीव्हीवर तू हे कधी म्हणत नाहीस. मी तरी ऐकलेलं नाही.

मी बघत होते, आता मावशी तुझ्या विचारण्याची वाट बघत होती. पाठ ताठ करून, पदर नीट करून बसली होती, विचार म्हणून. तू तिच्या हाताकडे बघत राहिलीस. पेला संपवलास, त्या काळ्या चहाचा. मग उठलीस. येते म्हणालीस, आणि गेलीस. पांढऱ्या गाडीशी वाकून काहीतरी बोललीस, गाडी तुला न घेताच वळली. तू डुलक्याच्या दहाच्या बसनं गेलीस हे मला त्यानंच संध्याकाळी सांगितलं. वाटेत साहेबांचा फोन वाजत होता, तू उचलला नाहीस, म्हणाला.

आज सकाळी कळलं की तुला त्या काठावरून परत बोलावलं आहे. आता दुसरी कुणी मुलगी तिथे उभी असते. पिशवी अजून दाखवतात. इतर दोन चॅनलवाल्यांनीही ती उचलली आहे. तुला दोष देत नाही, तुझ्या हातात होतं ते तू केलंस. एवढंच, की मी गल्लीत गेले की कुणाच्यातरी घरातून तुझा आवाज येतो आणि मी पाय उचलते. खालचे खुर्चीवाले निम्मे गेले. उरलेल्यांना मी आता जिना उतरून दाखवत नाही.

मला तू आल्याचा इतका आनंद आहे की तो कुठे ठेवावा कळत नाही. मावशी समोर असताना तो लपवते. ती पाण्याकडच्या खिडकीतून हलत नाही, आणि मी आत येऊन भांडी परत परत घासते. घर चकचकीत झालंय. तिला हे सगळं दिसतं, भिंगरे. आज म्हणाली, नात आली होती, खूश असाल. मी म्हटलं, हो. खोटं कसं बोलू. ती म्हणाली, असाच. का नाही असायचं.

आणि मग, बऱ्याच वेळानं, खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली, 'तिनं विचारलंच नाही. मी हो म्हणणार होते.'

मी म्हटलं, 'तिला माहीत होतं.'

तुझी आजी